पैशांऐवजी शनिवार

मंडळी, आपल्यापैकी कितीतरी जण गॉलवे-कॉर्कच्या कारखान्यांत रोज ‘लीन’ जगतात. मग शनिवारी एखाद्या संस्थेत अन्नाची पाकिटं भरताना ते डोकं आपण घरी का ठेवतो? टोयोटाने न्यूयॉर्कच्या फूड बँकेला चेकऐवजी इंजिनियर दिले आणि हार्लेमच्या अन्नछत्रात रात्रीच्या जेवणासाठीची ९० मिनिटांपर्यंतची रांग १८ मिनिटांवर आली (ही २०१३ ची बातमी). डब्लिनच्या मेटर या सेवाभावी रुग्णालयानेही लीन अकादमी काढली.

फक्त एक सांभाळा. कारखान्यात वाया गेलेली दोन मिनिटं इथे वाया गेलेली नसतात. एकट्या म्हाताऱ्याशी दिवसभरात तेवढंच कुणीतरी बोललेलं असतं. स्टॉपवॉच रांगेला लावा, त्या गप्पांना नको. आणि काही सुचवण्याआधी चार शनिवार मुकाट्याने भांडी घासा. अडतं कुठे, हे तिथल्या आजींना आपल्याआधीच ठाऊक असतं. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.