दुसरी मोटारसायकल की आहे तीच?

वरसे गावातून सकाळी बाहेर पडणारी माणसे पाहा. कोणी धाटावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातो, कोणी दिव्याची गाडी पकडायला रोहा स्टेशनवर जातो, कोणाला बाजारात दुकान उघडायचे असते. पुष्कळ घरांत या सगळ्यांसाठी एकच मोटारसायकल असते. थोरला भाऊ कॉलेजात जाऊ लागला की घरात बोलणे सुरू होते. तो म्हणतो, दुसरी घेऊ. नाही तर हिलाच नवे रूप देऊ. अब्बा गप्प बसतात. तुमच्याही घरी हा प्रश्न आला असेल.

माझे मत असे की आधी कागद घ्यावा. कोणाला, किती वाजता, कोठे जायचे, ते लिहावे. एकाच वेळी दोघांना दोन दिशांना जावे लागते आणि एसटी किंवा रिक्षा मिळत नाही, असे रोज होत असेल, तर दुसरी गाडी ही गरज आहे. महिन्यातून एखाद्या वेळी होत असेल, तर ती हौस आहे. हौसेला मोल नाही म्हणतात. पण हप्त्याला असते, आणि तो दर महिन्याला भरावा लागतो.

शिवाय खर्च दुकानातल्या किमतीवर थांबत नाही. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो. त्यात आपला कोकणचा पाऊस! चार महिने अंगणात नुसती उभी असलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. चेन गंजते, बॅटरी उतरते. मात्र नव्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे आहे. त्यामुळे ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तरी चाक एकदम जाम होत नाही. जुनी गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल, तर याचा विचार जरूर करा.

बाकीच्यांनी आहे तीच गाडी सुधारावी. टायर, ब्रेक, चेन, आरसे, सामानासाठी कॅरियर, मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेट, एवढ्याने जुनी गाडी कितीतरी उपयोगी होते. पण काही मुले सुधारणे म्हणजे सायलेन्सर बदलणे समजतात. रात्री अकरा वाजता गल्लीतून धडधडत जाणाऱ्याला वाटते, सगळे आपले कौतुक करीत आहेत. सगळे खरे तर जागे झालेल्या बाळांना पुन्हा झोपवत असतात.

कायदाही हे चालू देत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. दहावीतल्या मुलासाठी दुसरी गाडी घेणाऱ्यांनी पुढचेही वाचावे. अठरा वर्षांखालील मुलाने मोटारसायकल चालवून गुन्हा केला, तर पालकांना 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मला सर्वांत जास्त राग येतो तो मागच्या चाकाजवळची जाळी काढून टाकण्याचा. गाडी ऐटदार दिसावी म्हणून मुले ती काढतात. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 123 प्रमाणे ती असलीच पाहिजे. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकला जावा आणि मागे बसणाऱ्याचा कपडा त्यात जाऊ नये, म्हणून हा नियम आहे. त्या जागेवर तुमची अम्मी बुरखा घालून बसते, बहीण ओढणी घेऊन बसते. कपडा चाकात गुंडाळला गेला की माणूस क्षणात खाली खेचला जातो. आज घरी गेल्यावर तुमच्या गाडीची डावी बाजू पाहा. जाळी नसेल तर कोणत्याही गॅरेजवाल्याला सांगा. तो लगेच बसवून देईल.