व्याख्या पाठ, पण नेट कुठं अडलं?

'प्रोटोकॉल म्हणजे संगणकांनी संवाद साधताना पाळायचे नियम.' व्याख्या मुलांना तोंडपाठ असते. पण नेट बंद पडलं की तीच मुलं म्हणतात, "सर, नेट गेलं!" कुठं अडलं, ते सांगता येत नाही. म्हणून हा धडा वाचायच्या आधी करून बघायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

एक वाक्य तोडून दहा चिठ्ठ्यांवर लिहा, क्रमांक घाला, वेगवेगळ्या बाकांवरून पाठवा. मिळालेल्या चिठ्ठीची पोच परत यायला हवी. मधल्या एकाला एक चिठ्ठी गुपचूप दाबून ठेवायला सांगा. पोच आली नाही की पाठवणारा तीच चिठ्ठी पुन्हा पाठवतो. टीसीपीचं मुख्य काम हेच.

मग संगणकावर पिंग करा: आधी १२७.०.०.१, मग राउटरचा पत्ता, मग बाहेरचा. केबल काढली तरी पहिल्याचं उत्तर येतं, कारण तिथं संगणक स्वतःशीच बोलतो. राउटरपाशी अडलं तर दोष बहुधा आपल्याच खोलीत. बाहेरच्यापाशी अडलं तर राउटरच्या पुढे.

पालकांनो, मुलीनं घरच्या राउटरचा पत्ता विचारला तर रागावू नका. शेजारी बसा, तुम्हीही करून बघा.