सील कारखान्यात, परीक्षा गावात

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी या गावी पल्स पोलिओ मोहिमेत पाच वर्षांखालील १२ बालकांना लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती सर्व बचावली. संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. परंतु दोषी हात सापडला म्हणजे दोष सापडला, असे नव्हे.

औषधाच्या कुपीवरील सील दोन कामे करते. पहिले, जंतू व हवा यांना आत येऊ न देणे. या कामाची परीक्षा कारखान्यात होते. कुप्या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून निर्वात दाब दिला जातो. बारीकशी चीर असली तरी रंग आत शिरतो आणि कुपी बाद ठरते. आता निर्वात कक्षातील दाबाचा फरक टिपणारी आणि उच्च दाबाची वीज वापरून तडे हेरणारी यंत्रेही आहेत. काच वितळवून बंद केलेली प्रत्येक कुपी तपासावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. तो अनाठायी नाही. १९७०-७१ साली अमेरिकेत शिरेतून द्यावयाच्या द्रावणाच्या बाटल्यांची झाकणेच दूषित निघाली आणि अनेक रुग्णालयांतील रुग्णांच्या रक्तात जंतू गेले.

सीलचे दुसरे काम साक्ष देण्याचे. कुपी अद्याप कोणी उघडलेली नाही आणि लेबलावर लिहिले आहे तेच आत आहे, ही ती साक्ष. १९८२ साली शिकागोत टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कोणी सायनाइड मिसळले व सात जण दगावले. त्यानंतर, उघडल्याची खूण उमटेल असेच वेष्टन असावे, असा नियम अमेरिकेने केला. मात्र ही साक्ष वाचणारा कोणी नसेल, तर ती व्यर्थ होय. ती वाचण्याचे काम कोणत्याही यंत्राचे नाही. ते कुपी उघडणाऱ्या माणसाचे आहे. कापसी-कोपरीत तुटला तो हा दुवा.

पोलिओच्या कुपीवर उष्णता दर्शविणारी खूण असते. वर्तुळातील चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की लस टाकून द्यावी, एवढे ती सांगते. यवतमाळच्या उन्हाळ्यात हे मोलाचे आहे. पण सील शाबूत आहे काय आणि हातातली बाटली लसीचीच आहे काय, याचे उत्तर ती देत नाही. त्यातच करोनाच्या काळात लसीच्या शेजारी सॅनिटायझरची बाटली हे नित्याचे दृश्य झाले होते.

औषधनिर्मितीची नियमावली असलेले शेड्यूल एम केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये अधिक कडक केले, हे योग्यच झाले. परंतु कारखान्याच्या फाटकापाशी संपणारी दक्षता अपुरी आहे. लस व सॅनिटायझर वेगवेगळ्या टेबलांवर असावेत, कुपी उघडण्यापूर्वी लेबल मोठ्याने वाचले जावे आणि सील आईला दाखवावे. याला खर्च जवळजवळ नाही. लागतो तो थोडा वेळ व थोडे प्रशिक्षण. शेवटच्या परीक्षकाला ते न देता, चुकल्यावर तेवढे निलंबन द्यायचे, ही प्रशासनाची सोय झाली. बालकांची सुरक्षितता नव्हे.