एकाकीपणावर पंगतीचा उतारा

एकाकीपण ही आजवर कवींची आणि तत्त्वचिंतकांची बाब मानली जात असे. आता ती राज्यकर्त्यांच्या कार्यसूचीवर आली आहे. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपविली. २०२३ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी एकाकीपण हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे बजावले. त्याच अमेरिकेत जानेवारी २०२४ मधील एका रात्रीच्या गणनेत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये, सार्वजनिक जागी मुक्काम ठोकणाऱ्यांना शिक्षा करण्याचा शहरांचा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. एकीकडे घर असून सोबत नसलेली माणसे, दुसरीकडे घरही नाही आणि सोबतही नाही अशी माणसे. या दोन दुःखांचा परस्परांशी काही संबंध आहे काय?

न्यूयॉर्कच्या डोरोथी डे (१८९७–१९८०) यांनी तो संबंध ओळखला होता. डाव्या विचारांच्या या पत्रकार स्त्रीने १९२७ साली कॅथलिक पंथ स्वीकारला आणि त्यापायी आयुष्याचा जोडीदार गमावला. महामंदीच्या ऐन काळात, १ मे १९३३ रोजी, पीटर मॉरिन यांच्या साहाय्याने त्यांनी ‘कॅथलिक वर्कर’ हे एक सेंट किमतीचे पत्र सुरू केले. बेघरांसाठी आतिथ्यगृहे उघडावीत, असा या पत्राचा आग्रह होता. लवकरच बेघरच दारात येऊन उभे राहिले आणि लेखणीतील आतिथ्याला चूल मांडावी लागली. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘दि लाँग लोनलिनेस’ हे नाव दिले, ते उगीच नव्हे.

या घरांचे वेगळेपण अन्नदानात नव्हते. अन्नछत्र आणि पंगत यांत मोठे अंतर आहे. छत्रात देणारा उभा असतो आणि घेणारा बसलेला. पंगतीत दोघेही बसतात. येथील कार्यकर्ते वेतनाविना, स्वेच्छेने पत्करलेल्या दारिद्र्यात, पाहुण्यांच्याच छपराखाली राहत. पात्रतेची चौकशी नसे. एकदा देणगीदाखल आलेली हिऱ्याची अंगठी डोरोथीबाईंनी नेहमी जेवायला येणाऱ्या एका वृद्धेला देऊन टाकली. ती विकून त्या बाईचे घरभाडे भरता आले असते, असे सहकाऱ्यांनी सुचविले. त्यावर, विकायची की बोटात घालायची हे तिचे तिने ठरवावे, असे उत्तर मिळाले. ही हकीकत अर्थशास्त्राच्या हिशेबात बसणार नाही. परंतु गरजू माणूस म्हणजे केवळ गरजांची बेरीज नव्हे, हे त्या हिशेबाला शिकविण्याचे सामर्थ्य तीत आहे. भुकेल्याला दिलेले अन्न आणि परक्याला दिलेला आसरा ख्रिस्तालाच पोचतो, या मत्तयाच्या शुभवर्तमानातील शिकवणुकीचा हा शब्दशः घेतलेला अर्थ होता.

यावर आक्षेप संभवतात. मिशनरी सेवेमागे धर्मांतराचा हेतू असतो, हा आपल्याकडील जुना आरोप. पंडिता रमाबाई आईवडील, भाऊ आणि पती यांना अकाली मुकल्या होत्या. त्यांनी १८९६–९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींना केडगावी आणून ‘मुक्ती’चे कुटुंब उभारले, तेव्हा त्यांनाही या वादाला तोंड द्यावे लागले. डोरोथीबाईंच्या घरांत मात्र जेवणासाठी प्रार्थनेची अट नव्हती. दयेने व्यवस्थेचे दोष झाकले जातात, हा दुसरा आक्षेप. तो अनेक धर्मादाय संस्थांना लागू पडेलही. पण वयाच्या पंचाहत्तरीत, १९७३ साली, कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या बाईंना तो लावता येणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. स्वतःचे एकाकीपण घालविण्यासाठी बेघराची सेवा करणे म्हणजे त्याच्या विपत्तीचे औषध करून पिणे नव्हे काय? उपचार म्हणून केलेली सेवा खरोखरच तशी होते, आणि बहुधा टिकतही नाही. आतिथ्यगृहांत दारू होती, भांडणे होती, अस्वच्छता होती. मनःशांतीच्या शोधात येणाऱ्याला ती तेथे सहजी सापडण्याजोगी नव्हती. जे टिकले त्यांना सोबत मिळाली, ती मागितली म्हणून नव्हे, तर दुसऱ्याचे ओझे आपले मानल्यामुळे. एकाकीपणाची बेडी सुटते ती स्वतःकडे लागलेली नजर सुटल्यावर.

घरे बांधणे, भाडी आटोक्यात ठेवणे, आजाऱ्यांवर उपचार करणे ही शासनाची कर्तव्ये आहेत आणि कोणत्याही दयेने ती माफ होत नाहीत. तथापि खोलीची किल्ली देणारे सरकार त्या खोलीत कोणाची वाट पाहिली जावी, अशी तरतूद अंदाजपत्रकात करू शकत नाही. ती नागरिकांनाच करावी लागते. रस्त्यावर निजलेल्या माणसाला ओलांडून जाणारा समाज त्या माणसाला एकटे पाडतो, हे उघडच आहे. तो स्वतःही त्याच क्षणी थोडा अधिक एकटा होतो, हे मात्र त्याच्या ध्यानी येत नाही.