ओल्या गवतावर उतरताना

ब्रिटनमध्ये अनेक लहान विमाने आजही गवताच्या धावपट्टीवर उतरतात. पाऊस पडून गेला की हेच हिरवे मैदान दगा देते. ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते, पण ओल्या पात्यांवरून घसरतच राहते. तेथील नागरी विमान प्राधिकरणाच्या मार्गदर्शनानुसार, कोरड्या पक्क्या धावपट्टीच्या तुलनेत कोरड्या गवतावर १५ टक्के, तर ओल्या गवतावर ३५ टक्के जास्त अंतर धरायला हवे. गवत ओले आणि अगदी आखूड असेल, तर ६० टक्क्यांपर्यंत! कापलेले गवत बरे, हा समज त्यामुळे खोटाच. त्यात वेग १० टक्के जास्त असला, तर थांबायला सुमारे २१ टक्के अधिक जागा लागते.

धावपट्टी संपून विमान कुंपणावर आदळले की कमरेचा पट्टा धड धरून ठेवतो. डोके मात्र समोरच्या उपकरणांवर आपटते. अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या लहान विमानांत पुढच्या आसनांना खांद्याचा पट्टा सक्तीचा आहे. त्याआधीची विमानेही अजून उडतात. मालकांनी त्यांत तो बसवून घ्यावा. आणि ठरल्या जागी चाके टेकली नाहीत, तर वैमानिकाने सरळ पुन्हा वर जावे. त्यात कमीपणा नाही. चाके घसरू लागल्यावर त्यासाठी बहुधा उशीर झालेला असतो.