मधूनच रुसणारी मोटार

गेल्या पाडव्यापासून आमच्या घरच्या मोटारीनें एक विलक्षण खोड आरंभिली. गाडी २००६ सालची, म्हणजे आतां जुनीच, आणि स्वयंचलित गिअरची. वडील बंधूंचा डावा गुडघा क्लच दाबूं देईना म्हणून मुद्दाम तशी घेतलेली. ती चार दिवस सुतासारखी सरळ चाले आणि पांचव्या दिवशीं भर रहदारींत तिसऱ्या गिअरमध्येंच अडकून बसे. सिग्नलला थांबून पुन्हां निघतांना म्हातारा जिना चढतो तशी कण्हत निघे, आणि पुलाच्या चढावर तर मागच्या वाहनांचे हॉर्न ऐकत आम्हांला मान खालीं घालावी लागे. दहा मिनिटें कडेला उभी करून पुन्हां चालू केली, कीं जणूं कांहीं घडलेंच नाहीं.

ही नुसती गैरसोय असती तर आम्हीं ती सोसली असती. परंतु मातुःश्रींना आठवड्यांतून तीन वेळां डायलिसिसला न्यावें लागतें, आणि तेथून परततांना रिक्षाचे धक्के सोसण्याचें त्राण त्यांच्या अंगांत उरत नाहीं. श्रावणांतल्या एका सोमवारीं त्यांना घेऊन आम्ही उड्डाणपुलाच्या मध्यावर २० मिनिटें अडकलों. त्या रात्रीं पंगतींत दुसरा विषयच निघाला नाहीं. दादा म्हणाले, "विकून टाका." पुतण्यानें नव्या गाड्यांच्या किंमती सांगावयास सुरुवात केली. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भावजी, आधीं दुखणें काय आहे तें तरी कळूं द्या."

तें कळण्यांतच सारी अडचण होती. पहिल्या मेस्त्र्यानें गाडी ठेवून घेतली, सकाळीं थंड इंजिन चालू करून पांच मिनिटांची फेरी मारली आणि 'दोष नाहीं' म्हणून परत केली. दुसऱ्यानें गिअरचें तेल बदललें. पुढें १२ दिवस गाडी निर्दोष चालली आणि आम्हीं त्याच्या कौशल्याची आळीभर स्तुति केली. तेराव्या दिवशीं खोड परत आली. तिसऱ्यानें बॅटरीची तार काढून पुन्हां लावली. त्यालाही आठवडाभर यश मिळालें. चौथ्यानें गिअरपेटी संपूर्ण उघडावी लागेल म्हणून ९० हजार रुपयांचा अंदाज दिला. येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाचें हेंच मोठें कपट आहे, कीं शेवटचा हात ज्याचा लागला असेल त्याला तो फुकटचें श्रेय देऊन टाकतो. ताप उतरण्याच्या घटकेला ज्याचा अंगारा लावला असेल त्याची कीर्ति होते, त्यांतलाच हा प्रकार.

येथें या गिअरपेटीची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. वाऱ्याच्या जागीं तेल कल्पिलें, कीं इंजिनाला गिअरशीं जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची कल्पना येते. पुढें तेलाच्याच दाबानें आंतल्या क्लचच्या चकत्या आवळल्या किंवा सोडल्या जातात आणि गिअर बदलतात. १९४० सालच्या ओल्डस्मोबाईलमध्यें हायड्रामॅटिक ही पेटी आली, तेव्हां हा सारा कारभार तेल, झडपा आणि स्प्रिंगा मिळून पाहत. आमच्या गाडीच्या पिढींत त्यांच्यावर संगणक येऊन बसला आहे. चाकांकडे जाणारा दांडा किती वेगानें फिरतो हें एक सेन्सर त्याला कळवितो, आणि तो सोलेनॉइड नांवाच्या विजेच्या झडपा उघडून-मिटून तेल योग्य वाटेनें धाडतो. खबर येईनाशी झाली, कीं पेटीची नासाडी होऊं नये म्हणून तो एकाच गिअरवर ठाण मांडतो. म्हणजे आमची गाडी जें करीत होती तें दुखणें नसून पथ्य होतें!

एवढें समजल्यावर लक्षणें वाचतां येतात. तेल कमी असेल तर वळणावर किंवा चढावर क्षणभर पकड सुटते, कारण तेल एका बाजूस सरकून पंप हवा ओढूं लागतो. सकाळीं लिव्हर 'डी'वर टाकल्यावर गाडी विचार करीत उभी राहत असेल, तर आंतले रबरी सील कडक झाल्याचा संशय घ्यावा. तापल्यावर इंजिन ओरडतें पण वेग वाढत नाहीं, आणि तेल काळें पडून करपल्याचा वास येतो, तर चकत्याच झिजल्या. तेथें खर्च अटळ. परंतु झीज ही सावकाराच्या व्याजासारखी वाढत जाते, ती आठ-आठ दिवस रजा घेत नाहीं. रजा घेणारा दोष बहुधा विजेच्या मार्गांत सांपडतो: सैल जोडणी, गंजलेला पिन, अशक्त बॅटरी, तापल्यावर तुटणारी बारीक तार. (तेलाची पातळी पाहण्याची रीत प्रत्येक गाडीची निराळी. बहुतेकींत इंजिन चालू ठेवून पाहतात, कांहींत बंद करून, आणि कांहींत तर कांडीच नसते. गाडीबरोबरचें पुस्तक वाचावें. तें कोणी वाचीत नाहीं.) ज्यांच्या घरीं ए.एम.टी.ची गाडी आहे, त्यांनीं मात्र हें निदान तिला लावूं नये. ती पेटी मुळांत साधीच. क्लच दाबण्याचें आणि गिअर टाकण्याचें काम तेवढें यंत्र करतें.

आमच्या गाडीचें निदान केलें तें वहिनींनीं. त्यांनीं दुधाच्या हिशेबाची वही गाडींत नेऊन ठेविली आणि खोड आली, कीं तारीख, वेळ, निघाल्यापासून झालेलीं मिनिटें, पाऊस कीं ऊन, चढ कीं सपाटी, हें सारें टिपून ठेवण्यास आरंभ केला. सात आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या. २५ मिनिटांच्या आंत एकदांही दोष नाहीं. सकाळच्या १२ मिनिटांच्या फेरींत कधींच नाहीं. पावसाशीं कांहीं संबंध नाहीं. आणि नऊच्या नऊ नोंदींपुढें एक वाक्य होतें, 'वेगाचा कांटा शून्यावर'. तो कांटा आमच्यापैकीं एकाही पुरुषानें पाहिला नव्हता. चालविणारा लाजेनें मागें पाहत असतो, पुढें नव्हे!

ही वही घेऊन आम्हीं पुतण्याच्या ओळखीच्या एका मोटार-इलेक्ट्रिशियनला घरीं बोलाविलें आणि तो येण्यापूर्वीं गाडी पाऊण तास रहदारींत फिरवून तापवून ठेविली. त्यानें वही दोनदां वाचली, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला आपलें छोटें यंत्र जोडलें आणि पी ०७२२ हा आंकडा दाखविला. त्याचा अर्थ, वेगाच्या सेन्सरकडून खबर नाहीं. बॅटरीची तार काढली कीं ही नोंद बहुधा पुसली जाते. तिसऱ्या मेस्त्र्यानें साक्षीदारच घालविला होता. तरी आंकड्यावरून दोष सेन्सरचा कीं तारेचा हें कळत नाहीं. म्हणून त्यानें प्रथम तारा हलवून पाहिल्या, मग सेन्सर काढून आमच्या ओटीवर आणला. थंड झाल्यावर मीटरनें मोजला तों अगदीं निर्दोष. तेव्हां पुतण्याच्या बायकोनें केस वाळविण्याचें यंत्र आणून दिलें. त्याचा गरम झोत तीन-चार मिनिटें लागतांच मीटरनें तार आंतून तुटल्याचें दाखविलें. गार होऊं दिल्यावर ती पुन्हां जुळली. घरांतील अकराही माणसें भोंवतीं उभीं होतीं. नव्या सेन्सरला मजुरीसह २,८०० रुपये पडले.

आम्ही लगेच पेढे आणावयास निघालों होतों, पण वहिनींनीं अडविलें. वहींतील दोन नोंदींमधील सर्वांत लांब अंतर १३ दिवसांचें आहे. त्याच्या तिप्पट, म्हणजे ३९ दिवस गेल्याशिवाय कोणीं कोणाची स्तुति करूं नये, असें त्यांचें म्हणणें. आज एकतिसावा दिवस. मातुःश्री त्याच गाडींतून जातात-येतात. दादांनीं विक्रीची जाहिरात अद्याप मागें घेतलेली नाहीं, वही गाडींतच आहे, आणि दुधाचा हिशेब तूर्त भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चालला आहे.