चार हंडे पाण्याचं घर

आमच्या शहापूर-मुरबाडकडे सीझन म्हणजे जुलै-ऑगस्ट. मुंबई-ठाण्याच्या गाड्या माळशेजच्या रस्त्याला लागतात, धबधब्यांखाली गर्दी होते, कुठे दुर्घटना होते आणि मग मनाईआदेश निघतो. भाजलेली कणसं, भजी आणि चहा विकून रस्त्याकडेची माणसं दोन महिने चार पैसे कमावतात. पाऊस सरला की मागे बाटल्या आणि काचा उरतात. मार्चनंतर इकडे कुणी फिरकत नाही. तेव्हा आमच्या पाड्यांवर टँकर येतात. त्यामुळे ऑफ सीझन म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. जागा पाहुण्यांपुरती बंद असते. तिथं राहणाऱ्यांचं जगणं चालूच असतं.

हे सांगायचं कारण माझा भाचा. तो आणि सूनबाई दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. पुढच्या मे महिन्यात न्यूझीलंडला जायचं, कॅम्पर व्हॅन भाड्यानं घ्यायची, आतच स्वयंपाक, आतच झोप, असा त्यांचा बेत. घरात यावर भरपूर हसून झालं. एक मामू म्हणाले, "ट्रकवाले आयुष्यभर हेच करतात, त्यांना कुणी सहल म्हणत नाही." बोलणं खोटं नाही. तरी मला वाटतं, त्यांनी जावं आणि मे महिन्यातच जावं.

आपली उन्हाळ्याची सुटी म्हणजे तिकडचा सरता शरद. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा गर्दीचा काळ. मे महिन्यात गाड्यांचं भाडं बरंच उतरतं आणि शिक्षकांना रजेसाठी भांडावं लागत नाही. (परदेशी जायला खात्याची पूर्वपरवानगी मात्र लागते. ती आधी, तिकीट नंतर.) शिवाय तिथं गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी युरोप निवडला तर उजवीकडची सवय नव्यानं लावावी लागते आणि ऑक्टोबरनंतर तिथली बरीच कॅम्पग्राउंड्स ईस्टरपर्यंत बंद असतात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवावा. तो वर्षभर चालतो.

पण ऑफ सीझनमध्ये भाडं कमी का होतं, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. दक्षिण बेटावर मे अखेरीस सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे गाडी चालवायला जेमतेम आठ-नऊ तास. रात्री पाणी गोठतं. मिलफर्ड साउंडला जाणारा रस्ता हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या भीतीनं अधूनमधून बंद ठेवतात, आणि त्या मोसमात चाकांच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागतात. भाच्याच्या पहिल्या आराखड्यात दोन्ही बेटं होती, बारा दिवसांत. मी त्यातलं उत्तर बेट खोडलं. क्राइस्टचर्चहून निघून टेकापो, क्वीन्सटाउन करत परत क्राइस्टचर्च, एवढं पुरे. क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन साधारण ४८० किलोमीटर आहे. आपल्याकडे आता आमण्याहून समृद्धीवर चढलं की एवढं अंतर किरकोळ वाटतं. तिथं वळणं आहेत, एकेरी पूल आहेत, साडेतीन टनांवरच्या गाडीला ताशी ९० ची मर्यादा आहे. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या वर जाऊ नये. सराव समृद्धीवर करू नये, माळशेज घाटात करावा, तोही कोरड्या दिवसांत.

भाड्याचा करार मात्र निकाहनाम्याइतक्या बारकाईनं वाचावा. उंच गाडीचं छप्पर झाडाला घासलं तर ते नुकसान बऱ्याच करारांत विम्यात बसत नाही. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड तर भाड्याच्या गाड्यांना बहुतेक वर्ज्यच असतो. डिझेलच्या गाडीला किलोमीटरमागे रस्ता-कर वेगळा लागतो, कारण तिथं तो पंपावरच्या दरात धरलेला नसतो. स्वस्त भाडं इथंच महाग होतं. हीटर विजेच्या जोडणीशिवाय चालतो का, हेही विचारावं. चालत नसेल तर रोज वीज असलेली जागा घ्यावी लागेल. आणि थंडी वाजली म्हणून बंद गाडीत गॅस पेटवून झोपायचं नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे.

सामानात घरचा मसाला, लोणचं, सुकट जे असेल ते विमानतळावरच्या अर्जात लिहावं. लिहिलं नाही तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध नेऊच नये. हलाल मटण मोठ्या शहरांत मिळेल. लहान गावांत अंडी, मासे, डाळ-भात. त्यानं कुणाचं बिघडत नाही.

आता पाणी. दोघांच्या व्हॅनमध्ये साधारण पन्नास ते ऐंशी लिटरची टाकी असते. म्हणजे चार-पाच हंडे. तेवढ्यात पिणं, भांडी, अंग पुसणं, वजू, सगळं. वापरलेलं पाणी दुसऱ्या टाकीत साठतं आणि ते रस्त्याकडेला सोडता येत नाही. ठरलेल्या डंप स्टेशनवर न्यावं लागतं. संडासाची टाकीही तशीच, आणि ती ज्यानं वापरली त्यानंच उपसायची. २०२३ च्या कायद्यानं तर सार्वजनिक जागी मुक्काम करायचा असेल तर गाडीत पक्का बसवलेला संडास असणं बहुतेक ठिकाणी सक्तीचं केलंय. भाच्यानं हे वाचलं आणि विचारलं, "मामू, हे करायला तिथं कुणी माणूस नसतो का?" नसतो. आपल्याकडे हे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक माणसांच्या माथी मारलं, म्हणून आपल्याला हा प्रश्न सुचतो. ज्याला ही टाकी धुववत नाही त्यानं हॉटेल घ्यावं.

म्हणून मी त्यांना एक तालीम सांगितली आहे. येत्या सुटीत घराच्या अंगणात गाडी लावायची, साठ लिटर पाणी कॅनमध्ये भरायचं आणि दोन दिवस घरातल्या नळाला हात लावायचा नाही. सांडपाणी बादलीत मोजायचं. लहान शेगडीवर स्वयंपाक, सगळं सामान सीटखाली. नवरा-बायको दुसऱ्या संध्याकाळीही एकमेकांशी बोलत असतील तर तिकीट काढावं.

माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, किन्हवलीकडच्या गावात राहते. भातसा आणि तानसा आमच्या तालुक्यात, मुंबईच्या निम्म्या पाण्याची सोय एकट्या भातशातून होते, आणि तिनं वीस-पंचवीस उन्हाळे विहिरीवरून पाणी वाहिलं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी दोडक्याच्या वेलाला. दोन हंड्यांत सहा माणसांचा दिवस काढणारी ही बाई. भाचा म्हणतो, अम्मीला झेपणार नाही. सहलीचे व्हिडिओ बघून कॅम्पर व्हॅन शिकणारी पोरं तिला झेपणार नाही म्हणतात, याची मला गंमत वाटते. तिच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे, पायऱ्या किती उंच हे बघावं लागेल, औषधं चिठ्ठीसकट न्यावी लागतील, वयामुळे विमा महाग पडेल. एवढंच. व्हिसासाठी दरडोई महिन्याला १००० न्यूझीलंड डॉलर दाखवावे लागतात. राहण्याचे पैसे आधी भरले असतील तर ४००. तिच्या वाटणीचे मी दाखवतो म्हणालो आहे.

तिला विचारलं तर तिनं एकच चौकशी केली. टाकी भरायला कितीदा थांबायचं? मी म्हटलं, दोघांना दर दोन दिवसांनी. ती म्हणाली, "मी असले तर तीन."

भाच्यानं काल दोघांच्या गाडीऐवजी तिघांच्या गाडीचे दर मागवले.